वसुधाबाईंची साक्ष

प्राजक्ता येणार हे कळल्यापासून आईचा स्वयंपाक काही ठरत नव्हता. आधी बगारे बैंगन ठरले. मग सुनेला वांग्याने घसा खाजतो हे आठवलं आणि अंबाड्याची भाजी ठरली. रविवारी सकाळी तिने दोन्ही केलं, वर खट्टी दाळ केली, आणि वृषालीला म्हणाली, "जास्त काही केलं नाही गं मी. उगीच तिला वाटायला नको, आपण मस्का लावतोय."

"मग शेंगदाण्याच्या पोळ्या कशाला?"

"त्या भावजींसाठी."

एकनाथकाकांना कवळी बसवल्यापासून शेंगदाण्याची पोळी चावत नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. वृषालीने जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसलं आणि कागदांचे पाच गठ्ठे लावून ठेवले.

वृषालीचे वडील, नाना, वैशाखात गेले. त्यानंतर या घरात वाचन झालं नव्हतं. उमरीकरांकडे लिहिलेली गोष्ट आधी घरात वाचली जाई, मग बाहेर जाई. हे आजोबांपासूनचं. ते गौलीगुड्यात गणपतीपुढे नाटकं बसवत, तेव्हा बायका रंगमंचावर येत नसत आणि मिशा उतरवायला पुरुष तयार नसत. एकदा नाइलाजाने त्यांनी गल्लीतल्या सगळ्यात तिरसट नवऱ्याला बायकोचं काम दिलं. तालमीत त्याचा आवाज रोज थोडा थोडा खाली येऊ लागला. तिथून नियम पडला: आपल्यासारखं पात्र आपण वाचायचं नाही. नाना वकिलीत मुरल्यावर त्यांनी त्यात आपली भर घातली. वाचता वाचता कुणी अडखळलं की ते हात वर करत, आणि वाचणाऱ्याला साक्षीदार समजून त्या पात्राच्या नावाने विचारत, "का हो, तुम्ही खरंच असं म्हणाला असता?" लिहिणाऱ्याने मधे तोंड उघडायचं नाही. वृषालीची वक्तृत्व स्पर्धेची भाषणं, आईने महिला मंडळासाठी लिहिलेली प्रहसनं, तिच्या भावाच्या, समीरच्या, पहिल्यावहिल्या जाहिराती, सगळं या टेबलाशी उलटतपासणीतून गेलं होतं.

आज समीरच्या सिनेमाची पाळी होती. हलकाफुलका, प्रेमाचा, मधून मधून रडवणारा, आणि नायकाला सेक्सचं व्यसन. नायक म्हणजे बराचसा समीर स्वतः आणि नायिका म्हणजे बरीचशी प्राजक्ता. निर्माता संक्रांतीनंतर चित्रीकरण सुरू करायला तयार होता. समीरने त्याला सांगून ठेवलं होतं, बायको हो म्हणाली तरच सही करीन. बायको त्याच्यापासून वेगळी राहू लागली त्याला आता दोन पावसाळे झाले होते.

समीरने संहिता लिहिली होती हिंदीत, तीही इंग्रजी अक्षरांत. आईला ती अक्षरं झेपत नाहीत, काकांना ती भाषा सिनेमात ऐकायला चालते पण वाचायला नाही. म्हणून वृषालीने आठवडाभर कॉलेजातून आल्यावर बसून ती मराठीत आणली होती. घरात या विषयाला इतके दिवस 'ते' म्हणत. 'ते' सलग सव्वाशे पानं लिहून काढताना तिला प्रथम कानकोंडं झालं, मग हसू आलं, मग एका पानाशी ती उठून गच्चीत जाऊन आली. भावाबद्दल इतकं सगळं आपल्याला कळायला नको होतं असं तिला वाटलं. आणि कळल्यावर तो पूर्वीपेक्षा जवळचा वाटला, याचंही नवल वाटलं.

दारात समीरच उभा होता. प्राजक्ताने हेल्मेट काढलं.

"आलीस?"

"हौ. तारनाक्यापासून सिग्नलच लागले नाहीत." तिने आत येऊन आईला वाकून नमस्कार केला. "आई, किती वाळलात तुम्ही."

"मी कसली वाळते. तू बैस. हात धू. पानं घेते."

"आधी वाचू या आई. जेवण मग." प्राजक्ता जरा थांबली. "नाही म्हणायची वेळ आली तर तुमचं अन्न पोटात ठेवून म्हणायला नको मला."

आईने झाकण पुन्हा भाजीवर ठेवलं. "गार होईल," ती एवढंच म्हणाली, आणि ते भाजीबद्दल होतं.

एकनाथकाका आले ते नेहमीप्रमाणे स्टीलचा थर्मास काखेत मारून. नानांचे हे धाकटे भाऊ स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर गाड्यांच्या खडखडाटावर बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. "नन्नारीचं सरबत आणलंय! समीर, घे रे. हे प्यायचं. दुसरं काही नाही."

"घेतो काका."

बसायची वेळ आली तेव्हा सगळे उभेच राहिले. टेबलाच्या डोक्याकडची नानांची खुर्ची रिकामी होती. आईने वृषालीच्या पाठीला बोट लावलं. "तू बस तिथं. कागद तुझे आहेत."

वृषाली खुर्चीच्या कडेवर बसली आणि कामं वाटू लागली. नियम माहीत असल्यामुळे कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटलं.

"किट्टू म्हणजे नायक. प्राजक्ता वाचेल."

"मी?"

"वसुधा म्हणजे त्याची बायको. समीर."

समीरने गठ्ठा घेतला. इंग्रजी शाळेत शिकलेला तो. मराठी वाचायचा, पण रेल्वेच्या फाटकातून सायकल काढावी तसा, प्रत्येक जोडाक्षराशी खाली उतरून.

"डिसूझा, निवृत्त पोस्टमास्तर. किट्टूला व्यसनातून बाहेर यायला मदत करतात. आई."

"क्रिश्चन आहे का? मग जरा घोगरं बोलते."

"आणि पिंकी. किट्टूला फोनवर भेटलेली मुलगी. वय तेवीस. काका."

"मला सोडताय होय तुम्ही!" काका म्हणाले आणि खुशीत चष्मा पुसू लागले.

सुरुवातीची पानं हसण्यात गेली. काकांनी "किट्टू, मी हॉटेलच्या खाली उभी आहे, लाल ड्रेस घातलाय" हे वाक्य असं म्हटलं की हॉटेल फलाट क्रमांक तीनवरून सुटणार आहे असं वाटावं. आईने तोंडाला पदर लावला. समीर खाली बघून हसत होता. आणि प्राजक्ताने किट्टूचे विनोद विनोदासारखे वाचलेच नाहीत. ती बियाण्यांच्या कंपनीत काम करी. पाकिटावरची उगवणक्षमता वाचून दाखवावी तसे तिने ते वाचले. त्यामुळे ते जास्तच हसू आणत होते. एकदा तर तिचं तिलाच आवरेना.

"फालतू आहे हा माणूस," ती डोळे पुसत म्हणाली. "पण बोलतो बरा."

"तेच तर," समीर म्हणाला.

"लेखकाने बोलायचं नाही!" काका गरजले.

मग पहिली सभा आली. सिकंदराबादेत एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. प्राजक्ताने पान उलटलं आणि वाचू लागली.

"माझं नाव किट्टू. मला सेक्सचं व्यसन आहे. मी इथं येतो हे घरात माहीत आहे, पण पाहुण्यांना सांगितलंय की मला दारूचं व्यसन आहे. दारू म्हटलं की लोक चुकचुकतात आणि चहा देतात. हे म्हटलं तर मुली आतल्या खोलीत पाठवतील. माझा एक काका आहे. त्या बिचाऱ्याने तर मी मोहात पडू नये म्हणून आपली बाटली शिवणाच्या मशीनच्या पेटीत लपवली आहे."

काकांनी चष्मा काढला.

"शिवणाच्या मशीनच्या?"

खालून स्टेशनवरची अस्पष्ट घोषणा ऐकू आली.

"वहिनी, हे मशीनचं याला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं हो. मला तुमची सुमन बोलली होती," आई म्हणाली.

"म्हणजे हा... तू पीत नव्हतास?"

"नाही काका."

"एक थेंब?"

"मला वासानेच मळमळतं."

काका थर्मासकडे बघत राहिले. "अरे, मग दोन वर्षं मी हे गोड पाणी कशाला पितोय? सणाला नाही, लग्नाला नाही, नानाच्या तेराव्यानंतर एवढं परेशान वाटत होतं, तरी हात लावला नाही. म्हटलं, पोरगा बघेल. आणि त्या दारूमुक्तीच्या सभेला मी तुला स्कूटरवरून घेऊन गेलो होतो, तिथं तू ढसाढसा रडलास की रे!"

"ते खरं होतं काका. ते बोलत होते ते सगळं मला लागू होतं. फक्त बाटली नव्हती."

"मला का नाही सांगितलंत?"

"नानांनीच ठरवलं तसं," आई म्हणाली. "म्हणाले, एकनाथचा जीव मऊ आहे. शिवाय तो हळू बोलत नाही."

काकांनी यावर थोडा वेळ विचार केला. रागवावं की काय ते त्यांचं ठरत नव्हतं. "पण याला व्यसन म्हणतात? आमच्या वेळी वळण नाही म्हणायचे, संपलं."

समीरने वृषालीकडे बघितलं. तिने मान हलवली. लेखकाला परवानगी होती.

"तहान नसताना पाणी पीत राहावं तसं असतं काका. पोट दुखतं, ओकारी येते, तरी हात तांब्याकडे जातो. मजा पहिल्या काही दिवसांतच संपलेली असते. मग नुसतं खोटं बोलणं उरतं, फोन लपवणं उरतं, आणि घरी आल्यावर या सगळ्यांच्या ताटाला ताट लावून जेवणं. ते सगळ्यात वाईट."

"मला त्या वेळी कुणी येऊन हे व्यसन आहे म्हटलं असतं," प्राजक्ता कागदावरून नजर न काढता म्हणाली, "तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती." आणि लगेच पुढे, "आई, डिसूझा तुमचं."

आईने घसा खाकरला. "बाळ किट्टू. मन कबुतरासारखं असतं. हाकललंस तरी त्याच खिडकीत येणार. त्याच्याशी भांडत बसू नको. खिडकी लाव आणि दुसऱ्या खोलीत जा. आणि संध्याकाळी मला फोन कर. नुसतं म्हण, डिसूझासाब, आज गेला दिवस." तिने कागद खाली ठेवला. "बरोबर बोलतोय हो हा. कोण आहे खरा?"

"नावं सांगत नाहीत आई."

"नको सांगू. पण कधी तरी जेवायला आण. डिसूझा म्हणूनच आण."

प्राजक्ताने किट्टूचं पुढचं लांबलचक भाषण वाचलं. त्यात तो सभेत उठून आपण काय काय केलं ते सांगतो. विनोद नव्हता. वृषालीला वाटलं होतं, इथे ती अडखळेल, किंवा आवाजात धार येईल. तसं झालं नाही. ती एका सुरात वाचत गेली. दुसऱ्याचं मोडलेलं हाड तपासावं तशी सावध, फार दाब न देता. संपल्यावर तिने पान उलटं ठेवलं आणि ती पाणी प्यायली. समीर टेबलाच्या प्लास्टिकवरची फुलं बघत होता.

पुढचं दृश्य वसुधाला सगळं कळतं त्याचं होतं. समीर एकेक अक्षर लावत वाचू लागला. "वसुधा ताट उचलून भिंतीवर फेकते. माझ्या आयुष्याचा तमाशा केलास तू..."

"कुठलं ताट?" प्राजक्ताने विचारलं. "स्टीलचं?"

समीरने तोंड उघडून मिटलं.

"मी ताट नव्हतं फेकलं. तुम्ही सगळे नांदेडला गेला होतात लग्नाला. मी भांडी घासली. मग घासलेली पुन्हा घासली. मग वरच्या फळीवरची काढली."

"हौ," आई हळूच म्हणाली. "मी आले तेव्हा परातसुद्धा चकचकत होती. मला वाटलं, सुनेला हुरूप आलाय."

वृषालीने समासात खूण केली. नाना असते तर त्यांनी इथे हात वर केला असता का, हे तिला ठरवता आलं नाही. ते बहुधा थांबले असते. साक्षीदार बोलायला लागला की वकिलाने पाणी प्यावं, असं ते म्हणत. ती पाणी प्यायली.

शेवटचं दृश्य काचीगुडा स्टेशनवर होतं. निर्मात्याला ते फार आवडलं होतं. किट्टू बंगळूरला चालला आहे. गाडी हलते आहे. वसुधा त्याचा राहिलेला डबा घेऊन फलाटावरून धावत येते.

वृषालीने सूचना वाचली. प्राजक्ता म्हणाली, "वसुधा! तू?"

समीर वाचू लागला. "किट्टू, मी... तुला... माफ केलं. जे झालं ते... झालं. प्रेमाने..."

तो थांबला. जोडाक्षर तर केव्हाच ओलांडलं होतं. त्याने पुन्हा सुरुवात केली. "मी तुला माफ केलं. जे झालं ते झालं. प्रेमाने सगळं..."

कुणी त्याला शब्द पुरवला नाही. समोर प्राजक्ता किट्टूचं पान हातात धरून त्याच्याकडे बघत होती. एखाद्या माणसाकडे तो आता काय म्हणतो म्हणून बघावं, तेवढंच.

वृषालीचा हात आपोआप वर गेला.

"वसुधाबाई," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण जरा खालून आला. "तुम्ही घरून डबा घेऊन निघालात, तेव्हा माफ करायचं ठरवून निघाला होतात?"

समीरने वर पाहिलं. "नाही."

"मग कधी ठरवलंत?"

काकांनी तोंड उघडलं, पण आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मी ठरवलंच नाही," समीर म्हणाला. "लिहिणाऱ्याने ठरवलं. गाडी सुटायची होती म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणाला असता?"

"मी... डबा दिला असता."

"आणि?"

"आणि म्हणाले असते, खाऊन घे. आज सभेला गेला नाहीस, तर गाडीतून डिसूझांना फोन कर. माझं काय ते मला विचारू नको. मला अजून माहीत नाही. कदाचित कधीच माहीत होणार नाही. तू बरा हो, पण माझ्यासाठी नको होऊ. ते ओझं मला नको." त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "धावत तर मी आलेच नसते. चालत आले असते."

दाढी राखलेला तो माणूस 'आले असते' म्हणत होता आणि कुणालाही हसू आलं नाही.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती भांडी सरकवल्यासारखे कागद सरकवत म्हणाली, "सिनेमात तरी येऊ दे ना रे तिला परत. लोक पैसे देऊन बघायला येतात. रडून रडून घरी जातील."

प्राजक्ताने आईचा हात धरला. "सिनेमात आले ना आई, तर सगळ्यांना वाटेल, मी आले. तुम्हालासुद्धा वाटेल. आणि याला वाटेल की आता झालं बरं, बायको आली. ते तसं नसतं. ते डिसूझांना विचारा."

आईने मान हलवली. तिला पटलं नव्हतं, कळलं होतं.

"ताई," प्राजक्ता म्हणाली, "मी साक्ष देऊ शकते?"

"आपलं पात्र आपण वाचायचं नाही."

"वाचत नाही. यात नाहीच आहे ते. किट्टूला माहीत नाही, तर तो लिहिणार कुठून?" ती समीरकडे वळली नाही. वृषालीशीच बोलत राहिली, आणि थोडी खुर्चीशी. "मला कळलं, त्यानंतरच्या आठवड्यात मला रक्त तपासायला जायचं होतं. त्याच्यामुळे मला काही झालं नाही ना, ते बघायला. अशा तपासणीला जाते, हे कुणाला सांगणार? माझ्या आईला? ती त्याच रात्री मला गावी घेऊन गेली असती. मी जिन्याखाली चपला घालत होते आणि नाना वर येत होते. म्हणाले, कुठे? मी म्हटलं, रक्त तपासायला. त्यांनी कशाचं म्हणून विचारलं नाही. वळले आणि म्हणाले, चल, मलाही शुगर बघायचीच आहे."

"नाना?" वृषाली म्हणाली.

"सुईला किती घाबरायचे. माहीत आहे ना? नारायणगुड्यातली ती प्रयोगशाळा, ही गर्दी. काउंटरवरची मुलगी ओरडून विचारते, कोणती टेस्ट, सोबत कोण. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात नानांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन घडी करून तिच्यापुढे सरकवली, आणि म्हणाले, मी आहे तिच्याबरोबर. पहिलं माझं रक्त घ्या. बाह्या वर करून बसले. डोळे गच्च मिटलेले. माझं घेताना मात्र उघडे ठेवले. नंतर रिक्षात म्हणाले, तुझा निकाल तू एकटीने बघ, मला सांगायची गरज नाही. माझा मात्र मला सांग, मला आकडे कळत नाहीत."

"माझं सगळं चांगलं आलं," ती म्हणाली. "त्यांची शुगर निघाली."

आईने कपाळाला हात लावला. "ग्रंथालयात जातो म्हणून गेले होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तारा, आजपासून चहात साखर नको. मी म्हटलं, असं कसं एकदम? तर म्हणे, सहज बघून घेतलं. आयुष्यात कधी सहज सुई टोचून घेतली नव्हती त्या माणसाने."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दलचं सगळं कळून संपतं, असं वृषाली गेले काही महिने धरून चालली होती. कपाटं आवरली होती, कागद लावले होते. आणि नानांची एक अख्खी सकाळ कुणालाच न सापडता प्राजक्ताकडे राहिली होती. तिने खुर्चीच्या कडेवरून अंग मागे घेतलं आणि पाठ टेकली.

समीरचा चेहरा पडला होता. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "दोघांपैकी कुणीच..."

"तू विचारलं नव्हतंस."

"नाही विचारलं." तो उठून उभा राहिला आणि आपला गठ्ठा उचलू लागला. "मी नाही करत हा सिनेमा. मी कळवतो त्यांना उद्या."

"बस खाली," प्राजक्ता म्हणाली. "करू नको म्हटलं का मी? दोन तास इथं उपाशी कशाला बसले मग? काका लाल ड्रेसात होते तेव्हा मी हसले की नाही? सभेतलं ते भाषण... ते कुणी तरी ऐकायला हवं. असं घर काय आपलं एकट्याचंच आहे? कुणाची तरी बायको बघेल आणि तिला कळेल की तिने काही चुकवलं नव्हतं. स्टेशन काढ. ताट काढ. आणि हे घाल. मग कर."

"निर्माता नाही म्हणाला तर?"

"तर नाही. पण मग नाही तो म्हणेल. मी हो म्हटलंय."

समीर बसला. 'हो' ऐकल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो फक्त मान हलवत राहिला, हलवत राहिला.

काका इतका वेळ कवळी दाबून गप्प होते, ते आता सुटले. "पण मग वाचायला हवं! या घरातून न वाचता काही बाहेर जात नाही."

"अजून लिहिलं कुठे आहे भावजी?"

"तोंडी करू. वृषाली, कामं वाट. त्या काउंटरवरच्या पोरीचं मी करतो. मला जमतात मुली."

वृषालीला हसू आलं, आणि त्याबरोबर दुसरंही काही तरी आलं. तिने दोन्ही आवरलं. "आई वसुधा. काका काउंटर. प्राजक्ता तिथं होती, म्हणून ती फक्त चुका दाखवेल."

"आणि नाना?" आईने विचारलं.

सगळे वृषालीकडे बघू लागले. पण ती नानांसारखी बोलते, बसते, चिडते, हे लहानपणापासून सगळेच म्हणत आले होते. नियमाने तिला ते वाचता येत नव्हतं.

"नाना समीर करेल," ती म्हणाली.

समीरने मान वर केली नाही. काका उभे राहिले, थर्मास त्यांनी काउंटरसारखा पुढ्यात ठेवला आणि फलाटावरचा आवाज लावला.

"कोणती टेस्ट? सोबत कोण आहे?"

आईने ओठ मिटून घेतले आणि ती खाली बघत राहिली. वसुधाला बोलायचं नव्हतं, ते तिने बरोबर ओळखलं होतं.

"मी आहे," समीर म्हणाला. शब्द टेबलाच्या पलीकडेही पोचला नाही. "मी आहे तिच्याबरोबर."

प्राजक्ताने हनुवटी हातावर टेकवली होती. ती काही क्षण त्याच्याकडे बघत राहिली.

"मोठ्याने म्हण," ती म्हणाली. "तिथं गर्दी होती."